जपलेला हात

रोगी म्हटला कीं त्यानें खाटेवर स्वस्थ पडून राहावें, ही समजूत आपल्या घराघरांत मुरलेली आहे. कर्करोगाच्या बाबतींत तर ती वैद्यकांतहि दीर्घकाळ ठाण मांडून होती. ती कशी हालली, याची एक हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगासाठीं जी शस्त्रक्रिया रूढ केली, तींत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेंतील लसिकाग्रंथीहि काढून टाकीत. लसिकेची वाट तुटल्यामुळें कित्येकींचा हात सुजे. मग त्या हातानें जड कांहीं उचलूं नये, तो जपावा, असा दंडक पडला. जपतां जपतां खांदा आखडे, तें निराळेंच!

न्यूयॉर्कच्या टेरेसी लॅसर यांच्यावर १९५२ सालीं ही शस्त्रक्रिया झाली. पुढें हात कसा हालवावा, हें त्यांना कोणी नीटसें सांगेना. त्यांनीं स्वतःच व्यायाम आरंभिला, आणि दोरी व लहानसा चेंडू घेऊन त्या इतर रुग्ण स्त्रियांच्या भेटीस जाऊं लागल्या.

पण खरी कसोटी झाली ती कॅनडांतील व्हँकुव्हर येथें, १९९६ सालीं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील डॉ. डॉन मॅकेंझी यांनीं या रोगांतून उठलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट, म्हणजे चिनी धाटणीची लांब नाव, वल्हविण्यास बसविलें. हाच व्यायाम त्यांनीं मुद्दाम निवडला. कारण तीच तीच जोरकस हालचाल आणि सारा भार हातांवर, म्हणजे नेमकें निषिद्ध मानलेलें काम! मात्र कोणाला एकदम पाण्यांत लोटलें नाहीं. आधीं व्यायामशाळेंत बेताबेतानें तयारी झाली, मगच वल्हीं हातीं आलीं. हंगाम सरला, तरी एकीच्याहि हाताला नवी सूज आली नाहीं. १९९८ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

चोवीस जणी हा कांहीं मोठा पुरावा नव्हे. पण जुन्या दंडकाविषयीं शंका घेण्यास तेवढा पुरला. २००९ सालीं कॅथरिन श्मिट्झ यांनीं, ज्यांचा हात आधींच सुजलेला आहे अशा १४१ स्त्रिया निवडून त्यांतील निम्म्यांना देखरेखीखालीं, थोडथोडें वाढवीत, वजन उचलावयास लाविलें. त्यांची सूज वाढली तर नाहींच, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. पुढच्याच वर्षीं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञमंडळानें कर्करोगाच्या रुग्णांना निष्क्रियता टाळण्याचा सल्ला दिला. चालणें हाहि त्यांत आलाच.

व्हँकुव्हरचा प्रयोग एका हंगामापुरताच योजिला होता. तो संपला, पण त्या स्त्रिया वल्हीं खालीं ठेवावयास तयार होईनात. आज अनेक देशांत त्यांच्यासारख्यांच्या नावा पाण्यावर आहेत.