गिरगावात, गच्छामि म्हणत

चपला दाराबाहेर काढा आणि खाली बघून चाला. सज्जात वाळत घातलेल्या धोतरांतून पाणी ठिबकतंय. साल १९११, गिरगावातली चाळ, दिवेलागणीची वेळ. तुम्ही आता इंग्रजी चौथीत आहात. ऑक्टोबरचं ऊन उतरलं, तरी भिंती तापलेल्याच. एका खोलीत आठ माणसं, एक चूल, रॉकेलचा एक कंदील. पाठीवरून घामाचा ओघळ उतरतोय. शेजारी हिंगाची फोडणी चरचरली, खाली नळावर हंड्या-कळशांची भांडणं पेटली.

मांडीवर भांडारकरांचं संस्कृतचं पहिलं पुस्तक उघडा. समजावणं इंग्रजीत, वाक्यं संस्कृतात आणि घरच्यांचा ओरडा मराठीत. आता म्हणा. मनातल्या मनात नाही, मोठ्याने! चाळीत मुकाट्याने वाचणारा मुलगा डुलक्या घेतोय, असंच घरचे धरून चालतात.

"गच्छामि, गच्छावः, गच्छामः..."

पुढेमागे डुला, म्हणजे ताल सापडेल. कोपऱ्यातले आजोबा मान हलवतात. त्यांच्या पाठशाळेत 'तो' आधी यायचा, भवति भवतः भवन्ति, आणि 'मी' सगळ्यांत शेवटी. तुमच्या शाळेत 'मी' पहिला. दोघांचं एकदम ऐकाल तर जीभ वळणारच नाही.

शेजारचा दादा यंदा मॅट्रिकला बसणार आहे. तो तुमची पाटी ओढून घेतो आणि लिहितो: रामः बालं पश्यति. राम मुलाला पाहतो. मग शब्द उलटेसुलटे करतो, बालं पश्यति रामः. "आता कोण कुणाला बघतंय?" अजून रामच! मग तो थुंकी लावलेल्या बोटाने रामापुढचे दोन ठिपके पुसतो, डोक्यावर एक टिंब देतो, आणि मुलाचं टिंब काढून ते दोन ठिपके त्याच्यापुढे ठेवतो. झालं! आता मुलगा रामाला पाहतोय. जागा कुणीही घ्यावी, नातं शेवटच्या अक्षरात. एवढं कळलं की पाठांतराचा त्रास अर्ध्यावर येतो; मला तर व्याकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दादाचं सगळं लक्ष नाना शंकरशेटांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर. ती मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याची. त्याला अजून ठाऊक नाही, पण १९१२ साली ती एल्फिन्स्टन हायस्कुलातला चिंतामण देशमुख नेणार आहे, आणि तोच मुलगा पुढे मेघदूत मराठीत आणणार आहे.

चला, खाली उतरू. जिना अंधारा आहे, कठडा धरा. रस्त्यावर ट्राम घंटा बडवत जाते, गॅसच्या दिव्याखाली आणखी चार पोरं ओरडून पाठ करतायत. खोताची वाडी लागली की लाकडी सज्जे सुरू होतात, आणि तळलेल्या मासळीचा वास. पायरीवर एक पोरगा बसलाय, त्याची दुसरी भाषा लॅटिन. तोही डुलतोय: आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमान्त. थांबा, ते शेवटचं ऐकलंत? तुमच्या गच्छन्तिमधला 'न्त' त्याच्याही तोंडी आहे! तुम्ही अस्मि, असि, अस्ति म्हणा; तो सुम, एस, एस्त म्हणेल. बघा कसा चमकून बघतोय. शब्दही तो तुमच्यासारखेच हवे तिथे ठेवतो. फक्त त्याच्याकडे द्विवचन नाही. 'आम्ही दोघं' आणि 'आम्ही सगळे' यांना तो एकच रूप वापरतो.

"मग तुम्ही 'आपण दोघं जातो' कसं म्हणता?" तो विचारतो. आठवा पटकन, मघाशी दहादा घोकलंय.

"गच्छावः!"

बरोब्बर. कोपऱ्यावर चणेवाला उभा आहे; जा दोघं.