कान्हे आणि लोणावळा एका रकान्यात

मळवलीला लोकलमधून उतरून तुम्ही कार्ल्याच्या पायऱ्या चढता. वर पोचता तोवर काळ जवळजवळ दोन हजार वर्षं मागे सरकलेला असतो. चैत्यगृहात छिन्न्यांचा आवाज घुमतोय, बेसाल्टची पूड तुमच्या ओठांवर बसतेय. अष्टकोनी खांबापाशी एक कारागीर धेनुकाकटच्या यवन दात्याचं नाव कोरायला बसलाय. ब्राह्मी अक्षरं, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतच नाही. पहिला घाव घालण्याआधी तो दगडावर बोटं टेकवत जातो: नाव केवढं, खांबाची बाजू केवढी. इथे खोडाखोड चालत नाही.

पुढे या. जानेवारी १७७९, वडगाव. मराठ्यांनी कोंडलेल्या इंग्रज फौजेशी तहाची बोलणी चालली आहेत. कारकून बोरू शाईत बुडवतो, आधी कागदभर आडवी रेघ ओढतो, मग त्या रेघेखाली मोडी अक्षरं लटकवत सुटतो. हात उचलतो तो फक्त शाई घ्यायला. अक्षर किती रुंद पडणार हे त्याच्या हाताला लिहिण्याआधीच ठाऊक असतं.

आता १९७७, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज. एहो, वाइनबर्गर आणि कर्निघन हे तिघे ऑक नावाची छोटी भाषा घडवतायत. त्यांच्याजवळ सी भाषेतलं प्रिंटएफ आहे. रुंदी सांगा, ते उरलेली जागा मोकळी सोडून रकाना सरळ करतं. एक अक्षर म्हणजे एक बाइट, एक बाइट म्हणजे पडद्यावरचं एक घर. इंग्रजीपुरता हा हिशेब चोख आहे.

आणि आज, लोणावळ्यात, बाहेर मुसळधार. तुम्ही बॅशमध्ये लोकलच्या स्थानकांचा तक्ता छापताय: आधी नाव, मग पुण्यापासूनचं अंतर. नावाला रुंदी दिलीत २४. लोणावळ्याच्या पुढे ६४ येतात, पण कान्ह्याचा आकडा भलतीकडेच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, आणि बॅशचं प्रिंटएफ रुंदी बाइटांतच मोजतं. ‘लोणावळा’ची चिन्हं ७, बाइट २१, त्यापुढे ३ मोकळ्या जागा. ‘कान्हे’ची चिन्हं ६, बाइट १८, त्यापुढे ६. डोळ्याला मात्र एकात चार अक्षरं दिसतात, दुसऱ्यात दोनच. जीऑक, म्हणजे त्याच ऑकची ग्नू आवृत्ती, बाइटऐवजी चिन्हं मोजतं, तरी जोडाक्षर त्यालाही चकवतं. मराठी नावं यंत्राने सरळ रेषेत मांडावीत ही मागणी मुळीच जास्तीची नाही. रुंदी मोजणं हे त्याचंच काम आहे.

तोवर तुम्ही तक्ता उलटा करता. आकडा आधी, उजवीकडे टेकवलेला, आणि गावाचं नाव सगळ्यात शेवटी. त्याच्यापुढे सरकायला काही उरतच नाही.