पितळेची चकाकी आणि सागाची शाई

पितळ काळवंडलं की आपला हात चिंचेकडे जातो. नाहीतर लिंबू, चुलीतली राख, आणि अलीकडच्या काळात पितांबरी. तांब्या, घंगाळ, समई यांच्यासाठी हे सगळं ठीकच आहे. चिंचेतलं आम्ल काळा थर सोडवतं आणि शेवटी ओतलेलं भरपूर पाणी ते आम्ल वाहून नेतं. या शेवटच्या पाण्याकडे आपलं लक्ष नसतं. पण निम्मं काम त्याचंच. आता हीच रीत सागवानी पेटाऱ्याच्या पितळी कोपऱ्यांना किंवा दाराच्या कडीला लावून पाहा. तिथे पाणी ओतता येत नाही. चिंचेचा कोळ पत्र्याच्या फटीत शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो.

असे पेटारे आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पुष्कळ घरांत होते, काही अजून आहेत. त्याचं कारण समुद्र. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने याच किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान असत, तर खानपानाच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती. कुणी सारंग झाला, कुणी टंडेल, बाकीचे आयुष्यभर खलाशी. परतताना सामानाबरोबर एक सवयही घरी आली. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं म्हणून जहाजावर जिथे तिथे पितळ, आणि डेक धुणं नि पितळ घासणं हे तर खलाशाचं रोजचंच काम. चकाकी म्हणजे शिस्त, हे त्या काळच्या इंग्रजी जहाजांनी आणि पलटणींनी शिकवलेलं गणित आहे. विलायतेतही त्यासाठी विटेची पूड वापरत. ब्रासोसारखं पॉलिश विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं.

त्याच पलटणीत एक शहाणपणही होतं. सैनिकाच्या कोटाला पितळी बटणं. पॉलिश कापडाला लागलं तर डाग पडणार. म्हणून बटणाच्या मागे सरकवायची, मधोमध चीर असलेली एक चपटी पट्टी असे. तिला बटन-स्टिक म्हणत. घासायचं ते पट्टीवर, कापड खाली सुरक्षित. कोटाची एवढी काळजी घेणाऱ्या त्या काळात पेटाऱ्याच्या लाकडासाठी अशी पट्टी आमच्या घरांत मात्र कुणी आणली नाही.

पलटणीचीच आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पाऊस सरल्यावर पाहावं तर पितळी काडतुसांना तडे गेलेले! हवेचा दोष समजून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणजे ऋतूचे तडे असं नाव दिलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि ठोकून-ओढून घडवताना पितळेच्या अंगात राहिलेला ताण, या दोघांनी मिळून ते तडे पाडले होते. पितळेच्या बऱ्याच द्रव पॉलिशमध्ये अमोनिया असतो. वरच्यावर पुसून टाकलं तर चालून जातं. ठोकून बसवलेल्या पत्र्याखाली ते साचू देणं बरं नव्हे. शिवाय पॉलिशमधली पांढरी पूड सागाच्या रेषांत बसते, ती पुढे वर्षानुवर्षं दिसत राहते.

चिंचेचं नुकसान वेगळं. पत्रा पितळेचा असला तरी तो ठोकलेला खिळा बरेचदा लोखंडी असतो. आम्लाने त्यातलं लोखंड सुटतं आणि लाकडातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळं होतं. आपले जुने लेखनिक हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तीच ही क्रिया. म्हणजे खिळ्याभोवती दिसतो तो मळ नव्हे, शाईच आहे. ती लाकडाच्या आत उतरते, घासून जात नाही. कवीला शाईचं अप्रूप असतं खरं, पण इथे नको.

माझ्या नानांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या पेटाऱ्यावर त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे. दर रमजान ईदच्या आधी नानी ती विटेच्या वस्त्रगाळ पुडीने घासायची. घासणं म्हणजे दरवेळी थोडं पितळ काढून टाकणं. आता नावातली शेवटची चार अक्षरं तेवढी लागतात, तीही कंदील आडवा धरला तर. आमच्या शेजारच्या गावी तर लग्नाच्या घाईत एक पेटारा मशीनवर बफ करून आणला. तो आरशासारखा झाला आणि त्यावर कोरलेलं जहाजाचं नाव गेलं ते गेलंच. कागदपत्रं ज्यांच्या घरात नाहीत त्यांच्याकडे एवढाच पुरावा असतो.

गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारांनी पाटी पाहून मला विचारलं, “मास्तर, तुमाला पितळ होया की नाव?” त्यांच्याशी बोलून आणि वाचून जी रीत मी ठरवली ती सांगतो. आधी नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसावं. पुष्कळदा काळं वाटतं ती धूळच असते. स्क्रू सहज फिरत असतील तरच पत्रा काढावा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकात परत घालावा. नसतील तर जोर करू नये. बटन-स्टिकची युक्ती इथे कामाला येते. जुन्या पोस्टकार्डाची किंवा पातळ प्लास्टिकची पट्टी पत्र्याच्या कडेखाली सरकवावी. वस्त्रगाळ खडूपूड, त्यात मिनरल टर्पेन्टाइनचे दोन थेंब, आणि काडीला गुंडाळलेला कापूस. दारं-खिडक्या उघड्या, जवळ दिवा-काडी नको. स्पिरिट वापरू नये, कारण जुनं पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरलेल्या खाचांतला काळेपणा मुळीच काढू नये, त्याच्यामुळेच अक्षर वाचता येतं. मागे राहिलेली पूड कोरड्या ब्रशने झाडावी आणि वर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल नको, तेलाने पितळेवर हिरवं जंगाल धरतं.

हे सगळं दिवाळीनंतर करावं. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, स्क्रू हलत नाहीत, आणि मेणाखाली ओल कोंडली जाते.