न्यायासनावर यंत्र आणि पिंजऱ्यात निपाणी

विज्ञानकथा आणि कोर्टाचं नाटक यांचं जमत नाही, असं मराठी रंगभूमीच्या जाणकारांकडून बरेचदा ऐकू येतं. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. उद्याच्या कोर्टात न्यायासनावर यंत्र असेल, त्याच्यापुढे प्रत्येक कागद आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण हजर असेल. मग साक्षीदार खोटं बोलणार कसा आणि वकील शेवटच्या अंकात खिशातून पत्र काढणार कसा? उत्कंठा संपली. यंत्राला नातं नाही, लोभ नाही, तेव्हा विश्वासघातही संपला. उरली आकडेमोड, आणि ती बघायला तिकीट कोण काढेल?

हे म्हणणं मला मुळातच चुकीचं वाटतं. ते खोडायला परग्रहावर जायचं कारण नाही. बेळगाव-निपाणीचा खटला त्याला पुरेसा आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. 29 मार्च 2004 रोजी महाराष्ट्रानं घटनेच्या 131 व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. या दाव्यात दडलेलं असं फारसं काहीच नाही. जनगणनेचे आकडे छापील आहेत, नकाशे छापील आहेत, वादातल्या 865 गावांची यादी सर्वांना ठाऊक आहे. आक्षेपकांच्या हिशेबानं इथे उत्कंठेला जागाच नसावी. तरी सीमाभागातल्या कित्येक घरांत आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघेही याच निकालाची वाट बघत आले.

याचं कारण मोजपट्टीत आहे. जिल्हा हा घटक धरला तर एक उत्तर येतं. आंध्र आणि मद्रास यांची सीमा 1959 च्या कायद्यानं ज्या पाटसकर सूत्रावर आखली गेली ते सूत्र, म्हणजे गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत, धरलं तर दुसरं येतं. महाराष्ट्र त्यात लोकेच्छाही जोडतो. 1951 ची जनगणना घ्यायची की अलीकडची, एवढ्यावरही उत्तर फिरू शकतं. यंत्र कितीही वेगानं मोजू दे, कशानं मोजायचं ते त्याला कुणीतरी सांगावंच लागतं. ते कोण सांगतं, कधी सांगतं आणि कुणाच्या सोयीनं सांगतं, तिथे नाटक सुरू होतं.

विश्वासघाताचंही तसंच आहे. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्रानं ऑक्टोबर 1966 मध्ये मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. पुढच्या वर्षीच्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला, आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतली 247 गावं म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस होती. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहणार होतं. म्हैसूरनं अहवाल मान्य केला, महाराष्ट्रानं फेटाळला. ‘आयोग तुम्हीच मागितलात, आता माघार का?’ हा कर्नाटकाचा सवाल आहे. शहरात मराठी भाषक अधिक असताना निपाणीला एक न्याय आणि बेळगावला दुसरा का, हा महाराष्ट्राचा सवाल आहे, आणि मला तो अधिक सबळ वाटतो.

पण या दोन सवालांच्या मध्ये निपाणी उभी आहे. ज्या अहवालात तिची मागणी मान्य झाली होती, तो तिच्याच बाजूनं नाकारला. बेळगाव सोडायचं नाही म्हणून निपाणीही थांबली. तिथल्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईनं याला निष्ठा म्हणावं की घात? एकही साक्षीदार खोटं बोललेला नाही, एकही कागद लपवलेला नाही, आणि तरी हा प्रश्न काळीज कुरतडतो.

महाजन अहवालाच्याच वर्षी, 1967 मध्ये, तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आलं. त्यातल्या मंडळींचा ठरलेला अभिरूप खटला अण्वस्त्रांवरून अमेरिकेच्या अध्यक्षांवर भरायचा असतो. तो बाजूला राहतो आणि वेळ घालवायला मांडलेल्या खेळात बेणारेबाई आरोपी ठरतात. तिथला घात पुराव्यातून येत नाही. सोबत आलेली माणसंच न्यायाधीश होऊन बसतात, त्यातून तो येतो.

आता हेच 2056 मध्ये न्या. पुनर्रचनेला शंभर वर्षं झालेली. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ‘सुवास’ ही यंत्रभाषांतराची प्रणाली आणली. निर्णय मात्र माणसंच देतात. कल्पनेत एक पाऊल पुढे जाऊन न्यायासनावर यंत्र बसवा. ते दोन्ही राज्यांना एकच विचारतं, ‘मोजपट्टी कोणती?’ कुणीच आधी बोलत नाही, कारण मोजपट्टी उच्चारली की आपलीच काही गावं जातील हे दोघांनाही माहीत आहे. निपाणीची बाई ते ऐकत उभी आहे. याहून जास्त उत्कंठा कोणतं चोरलेलं पत्र देईल?

1946 च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव बेळगावातच झाला, 2015 चं नाट्यसंमेलनही तिथेच भरलं. हे नाटक सीमाभागातल्या लेखकानंच लिहावं. त्यातल्या कन्नड वकिलाला खलनायक करू नये, त्याला उत्तमातली उत्तम वाक्यं द्यावीत, आणि आपल्या बाजूचा 1967 चा नकार झाकू नये. 2004 चा मूळ दावा क्रमांक 4 अजून प्रलंबित आहे. निकालाची वाट न बघता लिहायला घ्या.