नीलकिरणाची भाऊबंदकी

घरी चित्रपट दाखविणारे यंत्र विकत घ्यावयाचे तर चित्र, आवाज आणि किंमत या तीन गोष्टी पाहून निर्णय व्हावा, अशी सर्वसाधारण गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. परंतु २००६ ते २००८ या काळात जपान आणि अमेरिका येथे जो कोणी उच्च सुस्पष्टतेच्या चित्रासाठी प्लेयर घेण्यास दुकानात गेला, त्यास दोन घराण्यांपैकी पुढे कोणाचा वंश चालेल याचा अदमास बांधल्यावाचून पैसे मोजता येत नव्हते. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरीकडे सोनी, मात्सुशिता, फिलिप्स इत्यादिकांची ब्लू-रे; दोन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटर, दोन्हींची जाडी १.२ मिलिमीटर, दोन्हींवर पडणारा किरण एकाच जातीच्या निळ्या-जांभळ्या लेसरचा. आणि असे असूनही एकीचे यंत्र दुसरीस ओळख देत नसे. या तंट्याचे मूळ व्यापारी चढाओढीत शोधण्याचा परिपाठ आहे व तो अगदीच चुकीचा नाही. तथापि माझ्या मते खरे मूळ तबकडीच्या अंगातच आहे, म्हणजे तिच्या पृष्ठभागापासून माहितीच्या थरापर्यंतचे जे अंतर, त्यात आहे, आणि त्या अंतराची वंशावळ थेट १९८२ पर्यंत मागे जाते.

त्या वर्षी सोनी आणि फिलिप्स यांची संगीताची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तीत माहितीचे सूक्ष्म खळगे छापील बाजूच्या लगत असत आणि वाचणाऱ्या किरणास जवळजवळ सबंध १.२ मिलिमीटर पारदर्शक पॉलिकार्बोनेट ओलांडून तेथवर जावे लागे. किरण पृष्ठभागातून आत शिरताना पुष्कळ रुंद असतो व खळग्यांशी पोहोचेपर्यंत निमुळता होत जातो. त्यामुळे वरची धूळ, बोटांचा ओशटपणा किंवा एखादा बारीक ओरखडा वाटेत आला तरी वाचनास बाध येत नाही. पुढे सबंध चित्रपट मावेल अशी तबकडी करण्याची वेळ आली, तेव्हा सोनी-फिलिप्स यांनी हीच जुनी ठेवण कायम राखणारा आपला आराखडा पुढे केला, तर टाइम वॉर्नरचे पाठबळ लाभलेल्या तोशिबाने ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली तबकडी सुचविली. दोन तऱ्हांच्या तबकड्यांचे लोढणे संगणकांच्या निर्मात्यांस नको होते. आयबीएमने मध्यस्थी केली आणि १९९५ च्या सप्टेंबरात तह झाला. तहाची कलमे पाहण्यासारखी आहेत: तबकडीचा देह तोशिबाचा, आणि खळग्यांची संकेतलिपी फिलिप्समधील कीस इमिंक यांच्या हातची. ही लिपी अधिक भरवशाची परंतु जागा थोडी अधिक खाणारी असल्यामुळे ५ गिगाबाइटांची क्षमता ४.७ वर उतरली. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानात विक्रीस आलेली डीव्हीडी ती हीच. आणि तिच्या यशानंतर, तिच्या एकस्वांचे उत्पन्न सुरू झाल्यावर, ०.६ मिलिमीटर ही तोशिबाची वतनी जमीन होऊन बसली.

याच सुमारास जपानच्या शिकोकू बेटावर, निचिया या रसायनांच्या कारखान्यात, शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली गॅलियम नायट्राइडपासून प्रखर निळा प्रकाश देणारा डायोड सिद्ध केला होता आणि त्याच द्रव्यापासून दोन-तीन वर्षांत निळा-जांभळा लेसरही मिळविला. नागोया येथील इसामू आकासाकी व हिरोशी अमानो यांनी हा मार्ग अगोदर मोकळा केला होता, आणि २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक निळ्या डायोडबद्दल या तिघांस विभागून मिळाले. जाड बोरूने बारीक अक्षर निघत नाही, तसेच लांब लहरीच्या प्रकाशाने बारीक खळगा वाचता येत नाही. कॉम्पॅक्ट डिस्कचा लेसर ७८० नॅनोमीटरांचा, डीव्हीडीचा तांबडा लेसर ६५० चा, आणि हा नवा ४०५ चा. त्यामुळे तो हाती येताच नव्या तबकडीचा विचार सर्वत्र सुरू झाला यात नवल नाही.

परंतु किरणाचा बिंदू किती लहान होतो, हे केवळ तरंगलांबीवर अवलंबून नसते. भिंग प्रकाशाचा किती रुंद शंकू एकवटू शकते, या त्याच्या आवाक्यावरही ते अवलंबून असते. डीव्हीडीच्या भिंगाचा हा आकडा ०.६०, एचडी डीव्हीडीने तो ०.६५ वर ठेवला, ब्लू-रेने ०.८५ वर नेला. तरंगलांबीस या आकड्याने भागून येणारे प्रमाण जसे घटते, त्याच्या वर्गाच्या हिशेबाने तबकडीची क्षमता वाढते. हा हिशेब कागदावर करून पाहिला तर ब्लू-रेच्या वाट्यास डीव्हीडीच्या पाचपटीहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे २४ गिगाबाइट येतात, आणि एचडी डीव्हीडीच्या वाट्यास तिपटीने सुमारे १४. प्रत्यक्षात एका थरास अनुक्रमे २५ आणि १५ गिगाबाइट ठरले. दोन्ही पक्षांनी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला, पण त्यांच्यामधले अंतर या एका भागाकारात पुरते मावते, याचे मला आजही कौतुक वाटते.

आता या रुंद आवाक्याची किंमत पाहा. तबकडी फिरताना केसभर कलली तरी अशा भिंगाचा बिंदू विस्कटतो, आणि मधले प्लॅस्टिक जितके जाड तितका तो अधिक विस्कटतो. म्हणून ब्लू-रेच्या कर्त्यांस माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणणे भाग पडले. येथे घराण्यांची फारकत झाली. ०.६ ची ठेवण राखली तर डीव्हीडी काढणारे कारखाने थोड्या फेरफाराने नव्या कामास लागणार होते आणि तोशिबाचे वतन अबाधित राहणार होते, ०.१ स्वीकारली तर जुन्या यंत्रांचा उपयोग सरला, शिवाय धूळ, ओरखडा, बोटांचे ठसे यांपासून धाकट्या तबकडीस वडीलधाऱ्या तबकड्यांप्रमाणे जाडीचे संरक्षण उरत नव्हते. १० एप्रिल २००३ रोजी सोनीने जपानात ४,५०,००० येन किमतीचा जो पहिला ब्लू-रे रेकॉर्डर विक्रीस काढला, त्याच्या तबकड्या याच भयाने बंद डबीत ठेवलेल्या असत. ही डबी गेली ती टीडीके कंपनीने २००४ मध्ये पृष्ठभागावर चढविण्याजोगा एक अत्यंत कठीण लेप तयार केला तेव्हा. माझ्या मते ब्लू-रेच्या जयाचा पाया या लेपाने घातला. डबीतली तबकडी महाग पडली असती आणि लोकांच्या हातात ती रुळली नसती.

राजकारण म्हणावे तर ते यापूर्वीच सुरू झाले होते. १९ फेब्रुवारी २००२ रोजी नऊ कंपन्यांनी, डीव्हीडीचा कारभार पाहणाऱ्या मंडळास वगळून, ब्लू-रेचा जाहीरनामा काढला. तोशिबा आणि एनईसी यांनी त्याच वर्षी आपला प्रस्ताव त्या मंडळापुढे रुजू केला आणि त्यास २००३ मध्ये एचडी डीव्हीडी या नावाने मान्यता मिळाली. २००५ त दोन्ही पक्ष वाटाघाटीस बसले, पण दहा वर्षांपूर्वी जसा देह एकाचा व लिपी दुसऱ्याची असा मध्यम मार्ग निघाला होता, तसा आता निघण्याजोगा नव्हता, कारण माहितीचा थर ०.१ मिलिमीटरवर असेल किंवा ०.६ वर, मधल्या कोणत्याही आकड्यात दोघांचाही लाभ नव्हता. बोलणी फिसकटली.

१८ एप्रिल २००६ रोजी तोशिबाचा एचडी-ए१ हा प्लेयर ४९९ डॉलरांस अमेरिकेत आला. त्याचे झाकण उघडून पाहणारास आत इंटेलचा पेन्टियम ४ प्रोसेसर, गिगाबाइटभर स्मृती आणि लिनक्स ही कार्यप्रणाली सापडे. म्हणजे तो प्लेयरच्या वेषातील संगणकच होता, चालू करून चित्र येईतो बराच वेळ घेई, आणि सुट्या भागांच्या अंदाजी किमतीचा हिशेब मांडता तो तोट्यातच विकला जात होता. जूनमध्ये आलेल्या सॅमसंगच्या पहिल्या ब्लू-रे प्लेयरची किंमत दुप्पट, ९९९ डॉलर. आणि ब्लू-रेच्या आरंभीच्या कित्येक तबकड्या एकाच थराच्या व जुन्या एमपेग-२ पद्धतीने दाबलेल्या असल्याने चित्रही काही डोळ्यांत भरण्यासारखे नव्हते. त्या वर्षी डोळ्यांवर विश्वास ठेवून खरेदी करणारा एचडी डीव्हीडीच घेऊन गेला असता, आणि त्यास दोष देता येणार नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने तोशिबाचे घराणे आणखी एका बाबतीत सरळ वागले, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. नेटवर्कची जोडणी आणि चित्रावर दुसरे लहान चित्र दाखविण्याची सोय एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेयरास पहिल्या दिवसापासून बंधनकारक होती. ब्लू-रेमध्ये या गोष्टी हप्त्याहप्त्याने आल्या, आणि आधी घेतलेल्या पुष्कळशा यंत्रांस त्या पुढे कधीच मिळाल्या नाहीत. यास अपवाद सोनीचा प्लेस्टेशन ३. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेले हे खेळाचे यंत्र ब्लू-रे तबकड्या वाजवी आणि नेटवर्कवरून स्वतःस सुधारून घेई, म्हणून २००७ च्या अखेरीस ज्यास ब्लू-रेच घ्यावयाचा होता त्यास याहून शहाणा सल्ला देता आला नसता. खेळासाठी म्हणून हे यंत्र लाखो घरांत गेले आणि त्याबरोबर ब्लू-रेचेही बस्तान बसले.

मात्र यंत्र कितीही चांगले असले तरी लावण्यास चित्रपट हवा. डिस्ने, फॉक्स आणि सोनीचे चित्रपट केवळ ब्लू-रेवर; युनिव्हर्सलचे केवळ एचडी डीव्हीडीवर; वॉर्नरचे दोन्हींवर; आणि पॅरामाउंटचे दोन्हींवर असता ऑगस्ट २००७ मध्ये ते एकाएकी एचडी डीव्हीडीकडे गेले, त्यातही स्टीव्हन स्पीलबर्गचे चित्रपट करारातून वगळलेले. प्लेयर निवडणे म्हणजे पुढील कित्येक वर्षे आपल्या घरी कोणत्या संस्थेचे दप्तर उघडेल हे ठरविणे, अशी ही अवस्था होती. एलजीने दोन्ही तबकड्या घेणारे यंत्र काढले, पण ते १,२०० डॉलरांच्या घरात. वॉर्नरने दोन बाजूंस दोन घराणी नांदविणारी तबकडी जाहीर केली, ती बाजारात आलीच नाही.

मग घडले ते झपाट्याने घडले. २ नोव्हेंबर २००७ रोजी वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए२ हा प्लेयर ९८.८७ डॉलरांस विकला. इतक्या उतारानेही बहुसंख्य लोक डीव्हीडीवरच संतुष्ट राहिले. हे थांबलेले लोक आळशी होते असे मी मानीत नाही. दोन तबकड्यांच्या घोटाळ्याने गिऱ्हाईक बिचकते, ही गोष्ट त्यांच्या थांबण्यानेच वॉर्नरच्या नजरेस आणली, आणि ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने आपले वजन एकट्या ब्लू-रेच्या पारड्यात टाकले. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट त्याच वाटेने गेले. १९ फेब्रुवारी २००८ रोजी, ब्लू-रेच्या जाहीरनाम्यास बरोबर सहा वर्षे पुरी होत असताना, तोशिबाने माघार जाहीर केली. पुढच्या वर्षी ती स्वतःच ब्लू-रेच्या संघात सामील झाली.

भारतात हा तंटा बहुतांशी वर्तमानपत्रांतूनच कळला, कारण येथे व्हीसीडीची सद्दी अजून ओसरली नव्हती. पण त्याचा एक शेष आपल्या कुटुंबांपर्यंत पोहोचला. ब्लू-रेने जगाचे तीन विभाग पाडले, अमेरिका ‘ए’ मध्ये आणि भारत ‘सी’ मध्ये. तेव्हा न्यू जर्सीतील मुलाने पुण्यास आईवडिलांकडे पाठविलेली तबकडी, तिच्यावर विभागाचा निर्बंध असेल तर, येथल्या प्लेयरवर चालत नसे. एचडी डीव्हीडीस असे विभाग मुळातच नव्हते. २०१६ साली याच ०.१ मिलिमीटरच्या ठेवणीवर, याच ४०५ नॅनोमीटरच्या लेसरने वाचली जाणारी, तीन थरांत १०० गिगाबाइटांपर्यंत माहिती मावणारी अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली. तिला या खेपेस तबकड्यांत प्रतिस्पर्धी कोणी नव्हता, आणि तिच्या कर्त्यांनी विभागांची ही पद्धत तीतून काढून टाकली.