सहलीच्या कॅमेऱ्याचं सिंगापुरी कूळ

जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात रोलाय ३५ हा छोटा कॅमेरा हाती आला, की जाणकार आधी त्यावरची अक्षरं वाचतात. काहींवर जर्मनी कोरलेलं असतं, बहुतेकांवर सिंगापूर. जर्मनीवाल्याला संग्राहक जास्त पैसे मोजतात. माझा ओढा मात्र सिंगापूरवाल्याकडे आहे. घरच्या सहलीला कोणता कॅमेरा न्यावा हा प्रश्न आज आपण मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवत सोडवतो, पण त्या प्रश्नाचं कूळ शोधत मागे गेलं की वाट वारंवार या बेटावरूनच जाते.

हायन्झ वास्के या अभियंत्याने हा कॅमेरा आखला आणि १९६६ साली कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. पूर्ण आकाराची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा, तरी कोटाच्या खिशात मावणारा. वजन ३७० ग्रॅमच्या आसपास. काम झालं की भिंग आत ढकलून ठेवायचं. अंतर मोजायची सोय त्यात नव्हती. समोरचा माणूस दीड मीटरवर आहे की दोन, हे डोळ्यांनी ठरवून कडी फिरवायची. सहलीला नेण्यासाठीच केलेलं हे यंत्र होतं. स्टुडिओत त्याचं काही काम नव्हतं.

जर्मनीत मजुरी वाढत होती. तिकडे १९६५ साली स्वतंत्र झालेल्या सिंगापूरला रोजगार हवा होता, कारण ब्रिटिश लष्कर तळ आवरून निघालं होतं आणि त्या तळांवर हजारो घरं चालत होती. रोलायने १९७०-७१ मध्ये आपलं उत्पादन सिंगापुरात आणलं. कॅमेऱ्याचं काम म्हणजे केसाएवढ्या मापाचं काम, आणि ते शिकलेले हात बेटावर नव्हते. मग सरकारने परदेशी कंपन्यांच्या भागीदारीत प्रशिक्षण केंद्रं काढली. यातलं पहिलं केंद्र १९७२ साली आपल्या टाटांबरोबर निघालं, पुढच्या वर्षी रोलायबरोबर. युरोपात घडणारी नाजूक यंत्रं आता आशियातले तरुण कारागीर जोडू लागले. १९८१ साली मूळ कंपनीच बुडाली आणि हजारो कामगारांचा कारखाना बंद झाला. तोवर रोलाय ३५ च्या घराण्यातले लाखो कॅमेरे जगभरच्या कुटुंबांबरोबर डोंगर-समुद्र पाहून आले होते.

रोलायच्या खूप आधी, एकोणिसाव्या शतकात, सिंगापूर पाहायला येणारा माणूस फोटो काढत नसे, फोटो विकत घेत असे. १८४३ साली गास्तों द्युत्रोंक्वा या फ्रेंच हॉटेलवाल्याने आपल्या लंडन हॉटेलात दगेरोटाइप पद्धतीचा फोटो काढून मिळेल अशी जाहिरात दिली. दोन मिनिटांत चेहरा उमटेल हे त्यातलं आश्वासन होतं. दोन मिनिटं न हलता बसायचं! १८६७ साली ड्रेस्डेनहून आलेल्या लॅम्बर्टने स्टुडिओ थाटला आणि पुढची चार दशकं त्याच्या पेढीने बंदर, मळे, रस्ते, माणसं यांची चित्रं बोटीने येणाऱ्या पाहुण्यांना विकली. मुंबईतही १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली होती आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिथल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांत होते. पण तेव्हाचं सामान घेऊन बायकापोरांसह सहलीला जाणं अशक्यच. कोडॅकने १८८८ मध्ये रोलचा आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला, आणि सुट्टी व कॅमेरा यांची जोडी जाहिरातींतून लोकांच्या मनात पक्की केली.

मराठी घरात ती जोडी जुळायला फार वेळ लागला, कारण आपल्याकडे आधी परकीय चलनच नव्हतं. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गाच्या कपाटात असायचा तो भारतात तयार झालेला आगफा क्लिक थ्री. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्याहून बरा कॅमेरा हवा तर आयातीवर निर्बंध आणि वर जबर जकात. म्हणून ‘फॉरेनचा कॅमेरा’ यायचा तो आखातातून किंवा सिंगापूरहून परतणाऱ्या कुणाच्या तरी सामानात, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या ठिकाणी, बिलाचा विषय न काढता. सिंगापूर मात्र १८१९ पासून मुक्त बंदर. तिथे जपानी कॅमेरा जपानच्याच तोडीच्या भावात मिळे. परतल्यावर विमानतळावर ग्रीन चॅनलमधून जायचं की रेड, ही धाकधूक त्या खरेदीचा भाग होती. कोणता कॅमेरा घ्यायचा हे कित्येकदा भिंगापेक्षा जकातीच्या मर्यादेने ठरवलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: सहलीचा कॅमेरा निवडताना प्रत्येक पिढीने त्या काळी ज्याची टंचाई होती त्याच्याशी वाटाघाट केली. आधी चलन, मग रोल. आठ दिवसांच्या सहलीला छत्तीस फोटोंचे दोन-तीन रोल पुरवायचे, म्हणून प्रत्येक फोटोला सगळे ओळीने उभे. जुन्या अल्बमांतले हात बांधून उभे असलेले काका-मावशी लाजरे नव्हते. एक फ्रेम वाया जाऊ नये म्हणून ते जपून उभे होते. त्या अल्बमांचा आणखी एक उपयोग आहे. मर्लायनचा पुतळा १९७२ साली सिंगापूर नदीच्या मुखाशी बसवला, १९९७ मध्ये एस्प्लनेड पुलाने त्याचं दर्शन अडवलं, आणि २००२ मध्ये त्याला उचलून आजच्या जागी आणलं. खाडीपलीकडे मरीना बे सॅन्ड्सचे तीन मनोरे दिसत असतील तर सहल २०१० च्या आसपासची किंवा नंतरची. मागे तारीख लिहिलेली नसली तरी फोटोचं साल असं हाती लागतं.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म मात्र सहलीशी काहीही संबंध नसलेला. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने साडेतीन किलोंहून जड असं एक खोकं जोडलं. शंभर गुणिले शंभर बिंदूंचं काळंपांढरं चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. खिशापर्यंत ते यायला वीस वर्षं गेली. १९९५ सालच्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने मागे छोटा पडदा दिला, आणि भिंग फिरवता येत असल्याने काढणाऱ्याला स्वतःलाही चौकटीत घेता आलं. चित्राचा दर्जा सुमार होता, तरी मी या कॅमेऱ्याला मोठा मान देतो. घरातला जो माणूस कायम कॅमेऱ्यामागे राहून अल्बममधून गायब होत असे, त्याला चौकटीत यायची वाट याने दाखवली.

२००० नंतर मराठी कुटुंबं सिंगापूर-मलेशिया-थायलंडच्या सहलींना मोठ्या संख्येने जाऊ लागली आणि ‘कॅमेरा तिथेच घेऊ’ हे वाक्य घराघरात ऐकू येऊ लागलं. त्यासाठी ठिकाणं ठरलेली. रोचोर भागात १९८७ पासून असलेलं सिम लिम स्क्वेअर, सिटी हॉलजवळचं फुनान, कोलमन स्ट्रीटवरचं पेनिन्सुला, आणि लिटिल इंडियातलं मुस्तफा. सेरंगून रोडवर कोमला विलासमध्ये डोसा खाऊन मुस्तफात शिरायचं, हा रिवाजच. मुस्तफात भाव लिहिलेला, घासाघीस नाही. सिम लिममध्ये दर मजल्यावर वेगळा भाव, आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न: लोकल सेट की एक्स्पोर्ट सेट? लोकल सेटला सिंगापूरची वॉरंटी, म्हणून तो महाग. एक्स्पोर्ट सेट स्वस्त, पण बिघडला तर दाद कुठे मागणार? पुण्याला परतणाऱ्या माणसाला लोकल सेटच्या वॉरंटीचाही कितपत उपयोग, हा हिशेब तिथल्या तिथे उभ्या उभ्या करावा लागे. वर १९९४ साली जीएसटी आला, तेव्हा ३ टक्के, आज ९. परदेशी पाहुण्याला तो चांगी विमानतळावर परत मिळतो, बिल जपून ठेवलं तर.

या बाजाराची काळी बाजूही सांगायला हवी. स्वस्तात कॅमेरा द्यायचा आणि सक्तीच्या वॉरंटीच्या नावाखाली किंवा पिशवी-फिल्टरच्या भावात वसुली करायची, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. २०१४ साली सिम लिममध्ये फोनचे पैसे परत मिळावेत म्हणून गुडघे टेकून विनवणाऱ्या व्हिएतनामी पर्यटकाचं चित्रण जगभर पसरलं, सिंगापूरकरांनाच त्याची लाज वाटली, आणि पुढच्या वर्षी त्या दुकानमालकाला तुरुंगवास झाला. एखाद्याने पै-पै साठवून केलेल्या सहलीवर असा घाला घालणं मला चोरीपेक्षा हीन वाटतं.

डिजिटलमध्ये रोल संपण्याची भीती गेली आणि तिच्या जागी कार्ड भरण्याची आली. सोनीला मेमरी स्टिक, ऑलिम्पस-फुजीला एक्सडी, बाकीच्यांना एसडी. १२८ एमबीच्या कार्डावर पाच मेगापिक्सेलचे साधारण पन्नास फोटो. त्यामुळे संध्याकाळी हॉटेलात बसून नको ते पुसण्याचा उद्योग, किंवा फोटोच्या दुकानातून सीडी करून घेणं. याच काळात, २००० साली, सिंगापूरच्याच ट्रेक कंपनीने थंबड्राइव्ह बाजारात आणला, आणि सहलीचे फोटो नातेवाइकांत वाटण्याची रीतच बदलली. बॅटरीचाही प्रश्न होता. कोपऱ्यावर मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा वडीलधाऱ्यांना भरवशाचा वाटे, आणि त्यांचं बरोबर होतं.

मेगापिक्सेलचं वेड मात्र मला कधीच पटलं नाही. चार बाय सहा इंची छापील फोटोला दोन मेगापिक्सेलच्या जरा वर पुरतात. २००० मधले दोन मेगापिक्सेलचे छोटे कॅमेरे ती गरज जवळपास भागवत होते. पुढच्या दहा वर्षांत आकडा चौदावर गेला, पण आतला सेन्सर बहुतेकांत करंगळीच्या नखाहून लहानच राहिला. तेवढ्याच जागेत जास्त बिंदू कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी. दुकानात मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा पाहून घेतलेला कॅमेरा सिंगापूरच्या नाइट सफारीत गेला की खरं कळे. १९९४ ला उघडलेल्या त्या प्राणिसंग्रहालयात फ्लॅशला बंदी आहे, आणि ती हवीच. मंद उजेडातल्या प्राण्याच्या डोळ्यांत लख्ख झोत मारून काढलेला फोटो कुणाच्याच घरात नसलेला बरा.

मग फोन आला. २०१० साली जगात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये तो आकडा ७७ लाखांच्या आसपास. सिम लिम आणि फुनानमधल्या कॅमेऱ्यांच्या कपाटांची जागा दुसऱ्या वस्तूंनी घेतली, फुनान तर २०१६ मध्ये बंद होऊन २०१९ मध्ये नव्या रूपात उघडलं. आता मजा अशी, की वीस-बावीस वर्षांची मुलं कॅरोसेल या जुन्या वस्तूंच्या ॲपवर २००५ च्या काळातले छोटे कॅमेरे शोधून घेतात. त्यांना तो चमकता फ्लॅश आणि थोडे उडालेले रंग आवडतात. त्यांच्या जन्माच्या वेळचे फोटो तसेच आहेत.

आज सिंगापूरला निघालेल्या कुटुंबाला माझं सांगणं वेगळं असेल. कॅमेरा तिथे जाऊन घेऊ नका. भावातला फरक आता फारसा उरलेला नाही, आणि नवं यंत्र हाताला बसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दिवसाउजेडी मर्लायनपुढे कोणताही बरा फोन पुरतो. फोन तोकडा पडतो तो दूरच्या पक्ष्यासाठी आणि रात्रीसाठी. तेवढ्यासाठी घ्यायचाच तर २०१२ च्या सोनी आरएक्स१०० पासून सुरू झालेल्या एक इंची सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या वंशातला घ्या. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांपेक्षा त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे पावणेपाच पट आहे, आणि यातले बहुतेक कॅमेरे खिशात मावतात. पक्ष्यांचं वेड असेल तर लांब झूमचा, पण त्याचं वजन मानेला पेलेल का ते आधी सिंहगड चढून पाहा. आणि हॉटेलच्या एसीतून बाहेरच्या दमट हवेत पाऊल टाकताना कॅमेरा वीसेक मिनिटं पिशवीतच बंद राहू द्या. थंड भिंगावर तिथे क्षणात धुकं धरतं, पुसलं की पुन्हा धरतं, आणि तोवर हॉर्नबिल उडून गेलेला असतो.