माळ, काढा आणि साठ दिवस

समुद्रपूर असो की सोलापूर, कावीळ म्हटली की कुणीतरी माळ सुचवतंच. काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते; लोक म्हणतात, कावीळ उतरली.

चीनमध्ये इ. स. २००च्या सुमारास झांग झोंगजिंग यांनी यिनचेन, गार्डेनियाची फळं आणि रेवंदचिनी यांचा काढा लिहून ठेवला. तो हसण्यावारी नेता येत नाही. यिनचेनमधला स्कोपॅरोन उंदरांच्या यकृतात बिलिरुबिन साफ करणारी यंत्रणा चालू करतो, हे २००४ साली दिसलं.

पण पित्तनलिकाच बंद असेल तर? तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांपुढे रेंगाळली, शी पांढुरकी झाली, की तीच शंका आधी घ्यायची. जपानच्या मोरिओ कसाई यांनी १९५०च्या दशकात यावर शस्त्रक्रिया काढली. ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली, तर पित्त वाहतं होण्याची शक्यता जास्त.